हसूरचंपूचा अभियंता आणि ‘किरण’ जेट

नागपूरच्या मिहानमध्ये आज प्रवासी विमानांच्या देखभालीचे प्रचंड हँगर उभे आहेत. बोईंग ७८७ च्या तळफळीखालच्या तुळया येथे घडल्या. फाल्कन या फ्रेंच विमानाचे भाग येथे जुळतात. त्याच शहरात, वायुसेनानगरात, भारतीय हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय आहे. हात आपले आणि आराखडा परक्याचा, अशी ही विभागणी आहे. ती एकेकाळी मोडून दाखवणाऱ्या मराठी अभियंत्याचे नाव मात्र विमानवेड्या तरुणांनाही क्वचितच ठाऊक असते.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी झाला. पुढे ते जर्मनीत गटिंगनला गेले आणि आधुनिक वायुगतिकीचे जनक मानल्या जाणाऱ्या लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

ते परतले तेव्हा देशात विमानाचा कारखानाच नव्हता. तो १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे निघाला, आणि त्याचे संस्थापक होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. (त्या कारखान्याच्या पायाभरणीत कोल्हापूर आणि सोलापूर दोन्ही आहेत, हे महाराष्ट्र आज जवळजवळ विसरला आहे.)

युद्धकाळात कारखान्यात मुख्यतः दुरुस्तीची कामे होत. तशाही दिवसांत घाटगे यांनी ग्लायडरचा आराखडा केला. १९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या चमूचे ‘एचटी-२’ उडाले. हे पंख्याचे, दोन आसनांचे प्रशिक्षण विमान भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले होते. पुढे घानाच्या हवाई दलानेही ते घेतले.

जेटची पायरी अवघड होती. १९५९ च्या अखेरीस जेट प्रशिक्षण विमानाला मंजुरी मिळाली. पण त्याच छपराखाली कुर्ट टँक यांचे ‘मारुत’ हे लढाऊ विमान आकार घेत होते आणि मनुष्यबळाचा ओढा साहजिकच तिकडे होता. प्रशिक्षण विमानाला वलय नसते. अखेर ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी ‘एचजेटी-१६’ आकाशात नेले. तेच ‘किरण’.

किरणमध्ये शिक्षक आणि शिष्य शेजारीशेजारी बसतात. शिष्याचा हात दांड्यावर किती घट्ट आवळला गेला आहे, त्याची नजर कोणत्या तबकडीवर अडकली आहे, हे शिक्षकाला मान किंचित वळवून पाहता येते. इंजिन ब्रिटिश ‘व्हायपर’ होते, म्हणजे परावलंबन पुरते संपले नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण विमानाचा स्वभाव येथे ठरला होता. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

प्रशिक्षण विमानाचा स्वभाव ही जीवनमरणाची बाब असते. वेग घटून पंखांचा आधार सुटला की विमान गिरकी घेत कोसळू लागते. ही गिरकी शिष्याला मुद्दाम घ्यावी लागते आणि तीतून बाहेर पडावे लागते. म्हणून ती दर वेळी सारखीच असावी लागते. लहरी लढाऊ विमान अनुभवी वैमानिक एखादे वेळी सांभाळून नेईल. विशीतल्या मुलाच्या हाती लहरी विमान देता येत नाही.

किरणचा वारस याच गोष्टीवर अडला. ‘एचजेटी-३६’ म्हणजे ‘सितारा’ ७ मार्च २००३ रोजी प्रथम उडाले. नंतर इंजिन बदलले. फ्रेंच जाऊन रशियन आले, आणि वजन-तोलाची गणिते पुन्हा मांडावी लागली. २०११ मध्ये एक नमुना कृष्णगिरीजवळ कोसळला, वैमानिक बचावले. पंखांचा आधार सुटण्याच्या क्षणी विमान एकाएकी कलंडे, आणि हा दोष वर्षानुवर्षे हटेना. शेपटीकडील रचना बदलून २०१९ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली.

विलंबाची किंमत काय असते, याचा धडा आधीच मिळालेला होता. किरणनंतरच्या प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस १९८२ च्या ला फोंतेन समितीने केली होती. ब्रिटिश ‘हॉक’चा करार झाला २००४ मध्ये. मधली बावीस वर्षे अननुभवी तरुण मंद विमानांवरून थेट मिग-२१ कडे वळत राहिले. त्यांतले कित्येक परतले नाहीत. या दिरंगाईला तांत्रिक अडचण म्हणणे फार सौम्य ठरेल.

घाटगे १९९१ मध्ये निवर्तले. त्याच्या दोनच वर्षे आधी किरणचे उत्पादन थांबले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत सिताराला ‘यशस’ हे नवे नाव मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नाशिकजवळच्या ओझरला ‘एचटीटी-४०’ या पंख्याच्या प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादनसाखळी सुरू झाली. किरणची जागा घेणारे जेट मात्र नामकरणानंतरही हवाई दलाच्या वर्गात पोहोचलेले नव्हते.