वळकटी

पाहुणा कितीही प्रेमाचा असला, तरी तो आपले बस्तान कुठे मांडणार ही धास्ती घरच्या माणसाला असतेच. संगणकाचेही तसेच आहे, हे मला शिरूर-दौंडच्या फेऱ्यांत उमगले.

आमच्या कचेरीच्या दोन शाखा. एक घोडनदीकाठी शिरूरला, दुसरी भीमेकाठी दौंडला. २०१९ साली दोन्हीकडचे संगणक बदलण्याचे काम माझ्याकडे आले. हिशेबाचा नवा प्रोग्राम झोकात बसला; पण वजनकाट्याच्या पावत्या करणारा जुना प्रोग्राम त्याने पार आडवा केला. दोघांना एकाच नावाची फाईल लागे. एकाला नवी, दुसऱ्याला जुनी. नवी आली आणि जुनी पुसली गेली. जुन्याचा कर्ता तर केव्हाच दुकान आवरून बसलेला. "काढून टाकू तो!" मी ऐटीत म्हणालो.

दौंडच्या काट्यावरचे काका काही बोलले नाहीत. नुसता चष्मा पुसत राहिले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली आणि हाताला सवय त्या एकाच प्रोग्रामची. त्या रात्री मला काही केल्या झोप येईना.

तोड निघाली ती ॲप-व्हीची. सॉफ्ट्रिसिटी नावाची कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ साली घेतली, तिच्या सॉफ्टग्रिडचेच हे पुढचे रूप. २०१६ पासून विंडोज १० च्या एंटरप्राइज आवृत्तीत ते आतच आले. फक्त चालू करायचे. कोऱ्या संगणकावर जुना प्रोग्राम बसवायचा. तो कोणत्या फाईली कुठे ठेवतो, रजिस्ट्रीत काय नोंदी करतो, हे सारे 'सिक्वेन्सर' टिपून घेतो आणि त्याचे गाठोडे बांधतो. मग ज्याला पाठवावे त्याच्याकडे प्रोग्राम चालतो. पण आपल्या गाठोड्यातल्याच फाईली वापरतो. यजमानाचे भांडेही इकडचे तिकडे करीत नाही.

गाठोडे शिरूरला चालवून पाहिले आणि दिमाखात दौंड गाठले. प्रोग्राम उघडला, वजन मात्र शून्य! काट्यावर एक ट्रक, मागे आणखी चार, आणि मी घामाघूम.

काकांना मी सगळी हकिगत सांगितली. त्यांचे बालपण दौंडच्या रेल्वे वसाहतीत गेलेले. ते हसून म्हणाले, "म्हणजे आमच्या वडिलांची वळकटी म्हणा की! अंथरूण आपलं, फिरकीचा तांब्या आपला, कुणाला त्रास नाही. पण साहेब, वळकटीत रूळ कसे बांधाल?"

मी कपाळावर हात मारला. काट्याची वायर संगणकाला ओळखता यावी म्हणून ड्रायव्हर लागतो, आणि तो गाठोड्यात जात नाही. संगणकातच बसवावा लागतो. शिरूरला तो आधीपासून होता, म्हणून मी विसरलो होतो. तो बसवताच आकडा झळकला. काकांनी पहिली पावती फाडली ती दोन्ही हातांनी!

२०२१ साली काका निवृत्त झाले. त्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो, तर पहिला प्रश्न, "आपली वळकटी काय म्हणते?"

"सोडली, काका. संगणकावर खूणदेखील उरली नाही."

"बरं झालं. पाहुण्यानं असंच जावं," असे म्हणत त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक चकली वाढली. मला नाही म्हणवेना.