मुदत संपलेले पाय

दंड भरण्याच्या बाबतीत मी मोठा आज्ञाधारक माणूस आहे. पावती दिसली की माझा हात आधी खिशाकडे जातो, विचार मागून येतो. परंतु गेल्या उन्हाळ्यात गंगापूर रोडवर झालेला पाचशे रुपयांचा दंड मी भरला नाही. खरे म्हणजे सौभाग्यवतींनी तो भरू दिला नाही.

झाले असे. मणक्याच्या दुखण्यात तिच्या पायांतले बळ गेले आणि चाकांची खुर्ची आमच्या संसारात आली. पुढे फरक पडण्याची शक्यता असली, की दिव्यांगत्वाचा दाखला मुदतीचा देतात. तिचा मार्चअखेर संपणार होता, म्हणून जानेवारीतच नव्यासाठी अर्ज केला. तपासणीची तारीख मिळाली जूनची! मेअखेर आम्ही नेहमीच्या राखीव जागेत गाडी लावली. परत येऊन पाहतो, तो मोबाइलवर चलान. काचेवरच्या दाखल्याची तारीख उलटली होती ना!

"भरून टाकू," मी म्हणालो.

"अहो, पाचशे रुपयांचे काही नाही. पण भरलेत, तर मी दुसऱ्याची जागा बळकावली हे कबूल केल्यासारखे होईल."

मी निमूट झालो. ती जागा काय असते, हे मलाही त्या खुर्चीनेच शिकवले. केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे ती 3.6 मीटर रुंद असावी लागते. ही ऐसपैसपणाची हौस नव्हे. गाडीचे दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची उभी राहिली, तरच माणूस उतरू शकतो.

कागदांची पिशवी घेऊन मी कार्यालयात गेलो.

"दाखल्याची तारीख गेली आहे," साहेब म्हणाले.

"तारीख गेली, साहेब, पाय काही परत आले नाहीत."

मग मी अभ्यास करून आणलेले बोललो. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाची व्याख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या व्याधीवरून केली आहे. दाखला हा तिचा पुरावा. 2017 च्या नियमांत तो महिन्याभरात द्यावा असे होते, 2024 मध्ये ती मुदत तीन महिन्यांची झाली. आमचा अर्ज तर चार महिन्यांचा झाला होता. आम्हांला उशीर झाला तर दंड. पलीकडून झाला तरीही दंड आम्हांलाच?

साहेबांनी अर्जाची पोच दोनदा वाचली, चष्मा काढला आणि चलान रद्द केले. "पोचही काचेला लावत जा," एवढेच म्हणाले. घरी येऊन हे सांगितले, तेव्हा ती हसली नाही. फक्त "बरे झाले" म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःहून बाहेर जाण्याची गोष्ट काढली.

जूनमध्ये नवा दाखला मिळाला. पुन्हा पाच वर्षांचाच. एवढ्या लांबचे कॅलेंडर कुठे मिळणार? म्हणून तिने कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर तारीख आहे, मुदतीच्या सहा महिने आधीची.