एकेक भाकरी कमी

महिला खेळाडूंमधल्या खाण्याच्या विकारांचा विषय निघाला की ग्रामीण भागात एक उत्तर हमखास ऐकू येतं : ही शहरातली, सुखवस्तू घरांतली दुखणी; आमच्या पोरींना पोटभर मिळालं तरी पुरे. क्रीडा-आहारतज्ज्ञ म्हणून मला हे मान्य नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात हा धोका अधिक जवळचा आहे, कारण इथं खेळणाऱ्या मुलीच्या ताटात मुळात शिल्लकच नसते.

हिशेब करून पाहू. शाळेच्या कबड्डी संघातली किंवा पोलीस भरतीच्या 800 मीटरसाठी पहाटे धावणारी 50 किलोची मुलगी घ्या. चरबी वगळली तर तिचं वजन साधारण 40 किलो. सरावात खर्च झालेली ऊर्जा वजा करून यातल्या दर किलोमागे 45 किलोकॅलरी उरल्या, म्हणजे 1800, तर हाडं, रक्त, पाळी, वाढ सगळं सुरळीत चालतं. 30 च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं. आता तिचं दिवसभराचं खाणं : सकाळी चहा-पोहे, दुपारी आणि रात्री दोन-दोन ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, भाजी. ढोबळमानानं 1400. सरावात 400 गेल्या, उरल्या 1000, किलोमागे 25. तिनं एकही जेवण टाळलेलं नाही, तरी ती रेषेच्या खालीच आहे. वजनगटात बसायचं म्हणून दोन्ही वेळची एकेक भाकरी सोडली की आकडा 18 च्या आसपास येतो. संशोधक ॲन लाउक्स यांच्या 2003 च्या प्रयोगात 30 च्या खाली गेलेल्या निरोगी तरुणींमध्ये पाळीचं नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकाची लय अवघ्या पाच दिवसांत बिघडली होती. पाळी लांबते, मग थांबते. हाडं भरण्याच्या वयातच ठिसूळ होऊ लागतात आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या साऱ्या बिघाडाला एका व्याधीसमूहाचं नाव दिलं. आपल्याकडे त्यात रक्तक्षयाची भर पडते : पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये तो आढळला.

इथं कोणी म्हणेल, ही उपासमार झाली. तिला मानसिक विकार कशाला म्हणायचं? कमी खाणारी प्रत्येक मुलगी विकारग्रस्त नसते, हे खरंच. पण उपासमार मनालाही सोडत नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथं संशोधक ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार उरला नाही. पोटभर जेवण मिळू लागल्यावरही काहींचं खाणं ताब्यात राहिलं नाही. अशा मनावर शरीराच्या दिसण्याचं ओझं पडतं. मैदानावर ‘अजून दोन किलो उतरव’ आणि घरी ‘खांदे पुरुषासारखे झाले तर लग्न कसं जमेल’, या दोन्ही वाक्यांतून मुलगी एकच गोष्ट शिकते : आपलं शरीर चुकीचं आहे. वजन उतरल्यावर शाबासकी मिळाली की न खाणं हाच पराक्रम वाटू लागतो. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेळणाऱ्या स्त्रियांपैकी 20 टक्क्यांना खाण्याचे विकार होते, इतर स्त्रियांमध्ये हे प्रमाण 9 टक्के होतं. खेळ मुलींना बळ देतो यात शंका नाही, पण निव्वळ खेळते म्हणून मुलगी या विकारापासून सुरक्षित राहत नाही.

प्रशिक्षकांचा आक्षेप अधिक वजनदार आहे : वजनगट हा नियम आहे, तो न पाळून कसं चालेल? वजनगट हवेतच, त्यानं दुबळ्या खेळाडूचं रक्षण होतं. पण त्यात बसण्याची धडपड किती अवघड असते पाहा : पॅरिस ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट 2024 मध्ये, कुस्तीपटू विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅमनं बाद झाली. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही ते 100 ग्रॅम उतरले नाहीत. तिच्या हाताशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते, ती प्रौढ होती. तालुक्याच्या मैदानावर चौदा वर्षांची मुलगी पाणी तोडून, अंगावर जाड कपडे चढवून धावते तेव्हा तिच्याजवळ यातलं कोणीच नसतं. शिवाय त्या वयात वजन वाढायलाच हवं. तिला गेल्या वर्षीच्याच गटात कोंबणं म्हणजे तिची वाढ अडवणं.

म्हणून उपाय मैदानापासूनच सुरू व्हावा. गट हंगामाच्या सुरुवातीला, तिची वाढ धरून ठरवावा. वजन चारचौघांत करू नये, आकडा मोठ्यानं वाचू नये. सरावाआधी मूठभर फुटाणे-गूळ, सरावानंतर शेंगदाण्याचा लाडू किंवा अंडं, एवढ्या साध्या गोष्टींनीही वरच्या हिशेबातली तूट बरीच भरून निघते. पाळीबद्दल सरांनी कसं विचारायचं, ही अडचण खरी आहे. ते काम शाळेतल्या बाईंनी किंवा आरोग्यसेविकेनं करावं. पण कोणीतरी विचारायलाच हवं. तीन महिने पाळी आली नाही तर ग्रामीण रुग्णालय गाठावं. मुलगी ‘जेवून आले’ म्हणत सतत ताट टाळत असेल, खाल्ल्यावर स्वतःला शिक्षा म्हणून जादा फेऱ्या मारत असेल, तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात कमीपणा मानू नये. पदकासाठी मुलींकडून मेहनत मागण्याचा हक्क आपल्याला आहे, पण त्या मेहनतीला पुरेल एवढं अन्न त्यांच्या ताटात आणि खाण्याची मोकळीक त्यांच्या मनात आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी त्या हक्काच्या आधी येते.