पहिली ओ कोणाची?

ओहोटी लागली की कुणकेश्वराच्या पुळणीलगतच्या खडकांवरच्या पिंड्या उघड्या पडतात. त्या बघायचं राहूनच गेलं, कारण शेजारच्या गावातल्या शाळेत वीस जुने संगणक उभे करायचे होते. एकेकाला पेनड्राइव्ह लावत बसलो असतो तर दोन दिवस गेले असते. म्हणून माझ्या लॅपटॉपलाच सर्व्हर केला.

डिस्क कोरी असली तरी नेटवर्क कार्डातला इवलासा प्रोग्राम तारेवर हाक घालतो : मला पत्ता द्या आणि कोणती फाइल उचलू ते सांगा. पत्ता देतो डीएचसीपी, फाइल देतो टीएफटीपी. या व्यवस्थेचं नाव पीएक्सई. इंटेलने १९९९ मध्ये काढलेली तिची २.१ ही आवृत्ती अजून कामाला येते. गोची एवढीच, की हाकेला ओ कोणीही देऊ शकतो आणि कोरा संगणक भोळा असतो.

शाळेचा राउटरही पत्ते वाटत होता. संगणक पत्ता घेऊन मोकळे, पण फाइलचं नाव राउटरला कुठून ठाऊक असणार? पडद्यावर ‘पीएक्सई-ई५३’ : बूट फाइलचं नावच आलं नाही. राउटरला हात लावायचा नव्हता. मग लॅपटॉपवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम ‘प्रॉक्सी’ पद्धतीने चालवला. पत्ता राउटरने द्यावा, फाइलचं नाव मी सांगावं.

टीएफटीपी १९८१ सालचा, स्वभावाने कारकुनी. ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. ६० एमबीच्या फाइलीचे १,२२,८८० तुकडे होतात, आणि पोचाही तेवढ्याच! म्हणून त्याच्याकडून फक्त आयपीएक्सई हा छोटासा बूट प्रोग्राम घेतो, बाकी सारं एचटीटीपीवरून. तरीही तीन संगणक गप्प होते. खाऱ्या वाऱ्याने केबलच्या पिना हिरवट पडल्या होत्या. टोकं कापून नवी बसवली तेव्हा कुठे बोलू लागले.

खरा घोळ मी घातला. पाच सेकंदांत कोणी काही निवडलं नाही, तर प्रश्न न विचारता डिस्क पुसून इन्स्टॉल सुरू, असा मेनू ठेवला होता. संध्याकाळी वीज गेली, परत आली. लॅपटॉप बॅटरीवर जागाच होता. कार्यालयातला संगणक त्याच नेटवर्कवर, आणि सुरू होताना आधी नेटवर्ककडे बघणारा. त्याने हाक घातली, माझ्या लॅपटॉपने इमानाने ओ दिली.

सकाळी कारकून दारात उभे. “साहेबानु, माझा सगळा खय गेला?”

फीच्या पावतीवह्या कागदी होत्या म्हणून वाचलो. आता माझ्या मेनूत आपोआप निवडला जातो तो संगणकाच्या स्वतःच्या डिस्कचा पर्याय. इन्स्टॉलसाठी पासवर्ड टाकावा लागतो. प्रयोगशाळेचा स्विचही वेगळा काढतो, म्हणजे राउटरची कटकट नाही आणि कार्यालयाची हाक माझ्यापर्यंत येत नाही.

कारकुनांचा मात्र यावर विश्वास नाही. मी शाळेत दिसलो की ते आपल्या संगणकाची केबल काढून खिशात घालतात.