अडचण खरी हवी

प्रेमकादंबरी लिहिताना माझा सगळ्यात जास्त वेळ दोघांच्या भेटीगाठींवर जात नाही, तो जातो अडचण शोधण्यात. दोघं एकमेकांना आवडतात हे वीस-पंचवीस पानांत लिहून होतं. मग ती लगेच एकत्र का येत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर पुढची दोनशे पानं पुरावं लागतं. उत्तर कच्चं असलं की वाचणारीला ते लगेच कळतं. दुपारचं आवरून घटकाभर पुस्तक हातात घेणारी बाई या बाबतीत कुठल्याही समीक्षकापेक्षा कडक असते. ती पुस्तक अर्ध्यात मिटते आणि वाचनालयात जाऊन बदलून आणते.

या धंद्यातलं आमचं थोरलं घर नगर जिल्ह्यातच आहे. ना. सी. फडके 4 ऑगस्ट 1894 रोजी कर्जतला जन्मले. सत्तरहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, 1940 साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि 'प्रतिभासाधन'सारखं पुस्तक लिहून ललित लेखन हे शिकता येणारं, घासूनपुसून घेता येणारं काम आहे असं ठणकावून सांगितलं. गुंतागुंत कशी वाढवायची, निरगाठ कुठे बसवायची, उकल किती लांबवायची, हे शब्द आम्ही आजही त्यांच्याच टाकसाळीतले वापरतो. मी लिहू लागले तेव्हा 'फडके वळणाचं लिहितेस' हा टोमणा होता. मला तो कधी लागला नाही. ज्यानं वाचकाला पान उलटायला लावण्याची विद्या इतक्या गांभीर्यानं मांडली, त्याचं ऋण नाकारणं कृतघ्नपणाचं आहे.

पण एका जागी माझी वाट वेगळी होते. फडक्यांची माणसं बहुतेक शहरी, शिकलेली, बरं खाऊनपिऊन असलेली. त्यांची अडचण पुष्कळदा गैरसमजाची किंवा मध्ये आलेल्या तिसऱ्या माणसाची. कर्जतचं माळरान मला त्यांच्या कादंबऱ्यांत भेटलं नाही. शिवाय गैरसमजावर आता गोष्ट उभी राहत नाही. हरवलेलं पत्र, चुकलेला निरोप, दुरून पाहिलेलं काहीतरी, हे सगळं एका फोनमध्ये मिटतं. मोबाइलनं आमची निम्मी हत्यारं काढून घेतली. मला ते बरंच वाटलं, कारण मग खऱ्या अडचणींकडे वळावं लागलं.

खरी अडचण कशी असते ते मी लक्ष्मीबाई टिळकांकडून शिकले. 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, ते आत्मचरित्र आहे. पण नगर-राहुरीच्या परिसरात घडलेली याहून मोठी प्रेमकथा मला माहीत नाही. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला. बायको सोवळ्यात वाढलेली. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग ती त्यांच्याकडे परतली, पण धर्म बदलला नाही. एकाच छपराखाली ती आपलं सोवळं सांभाळत राहिली आणि पुढे, स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा, स्वतः ख्रिस्ती झाली. इथे कुणी खलनायक नाही. दोघंही आपापल्या जागी खरी आहेत, आणि म्हणूनच जीव टांगणीला लागतो. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 साली आली तेव्हा माधवराव क्षयानं जाणार आणि रमाबाई थेऊरला सती जाणार हे वाचकांना आधीच ठाऊक होतं. तरी लोक ती वाचताना रडले, अजून रडतात. राज्य आणि आजार यांच्याशी भांडता येत नाही. शेवट लपवला म्हणजे उत्कंठा वाढते, हा नवोदितांचा समज या एका कादंबरीनं खोटा ठरवला आहे.

तेव्हापासून मी अडचणी जिल्ह्यातच शोधते. उत्तरेत मुळेच्या कालव्यावरची गावं, दक्षिणेत पाथर्डी-जामखेडची कोरडवाहू. दोन्हीकडची प्रेमं सारखी लिहिता येत नाहीत.

सध्या हातात असलेल्या कादंबरीतलं एक प्रकरण सांगते. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलंय, आणि शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची आहे. तो उसाला दारं धरायला गेलाय. परिसरात बिबट्या दिसल्याची बातमी आहे. नवी नवरी घरी अंथरुणावर पडून फोनवर त्याच्याशी बोलत राहते, कारण आवाज असला की जनावर बिचकतं असं सासऱ्यांनी सांगितलंय. लग्नाला महिना झालाय, दोघांना एकमेकांशी काय बोलावं हे अजून कळत नाही. मग ती त्याला शाळेतले पाढे म्हणून दाखवते. तो एक दारं मोडून दुसरं धरतो, फोन शर्टाच्या खिशात, स्पीकरवर. एकोणतीसच्या पाढ्याला ती अडखळते आणि चिखलात उभा राहून तो तिला पुढचं सांगतो. या प्रकरणात प्रेम हा शब्द मी कुठेही येऊ दिलेला नाही. पहिल्या खर्ड्यात बिबट्या प्रत्यक्ष आला होता. मी त्याला काढून टाकला. तो आला की प्रकरण त्याचं होतं, त्या दोघांचं राहत नाही.

दक्षिणेतली गोष्ट अवघड आहे. दिवाळीच्या आसपास पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, नवराबायको मिळून एक कोयता. पोरगा एकटा असला तर कोयता पुरा होत नाही, म्हणून लग्नं लवकर उरकली जातात. ज्या मुलीचं लग्न कामाच्या हिशेबानं लागलं, तिला नवऱ्याबद्दल पुढे कधी ओढ वाटली असेल का, वाटली तर कशामुळे, कुठल्या फडावर, कुठल्या कोपीत? हे मला लिहायचंय आणि अजून जमलेलं नाही. बाहेरून बघून लिहिलं तर ते खोटं होईल, एवढं मला समजतं.

सवयींबद्दल नवी मुलं विचारतात. मी पहाटे लिहिते, हातानं लिहिते, संवाद मोठ्यानं वाचून बघते. तोंडात न बसलेलं वाक्य कागदावरही बसत नाही. माळीवाड्याच्या स्टँडवरून शेवगावची एसटी पकडते आणि कान उघडे ठेवते. एसटीत बाया नवऱ्याबद्दल जे बोलतात ते माहेरीही बोलत नाहीत.

शरीराबद्दल किती लिहावं, हेही विचारलं जातं. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर, 'रंभा'च्या 1962च्या दिवाळी अंकातल्या कथेवर, अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं 1969 साली निर्दोष सोडलं. ती वाट त्यांनी आमच्यासाठी मोकळी केली, तेव्हा भीतीपोटी काही गाळू नये. कथेला हवं तेवढं लिहावं. माझ्या माणसांना बहुधा एकांतच मिळत नाही. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं झोपतात, आणि ही अडचणसुद्धा लिहिण्याजोगी आहे.

दिवाळी अंकांसाठी कथा आषाढ-श्रावणातच पाठवाव्या लागतात. कोपीत वाढलेल्या, फडावर संसार केलेल्या कुणी पोरीनं आपली गोष्ट लिहिली असेल, तर तिनं ती शुद्धलेखनाची भीती न बाळगता संपादकांकडे धाडावी. माझ्याआधी तिची छापून यायला हवी.