मार्चअखेर आणि एक जून

आपण धंदा का काढला, असा प्रश्न प्रत्येक छोट्या धंदेवाल्याला वर्षातून एकदा पडतोच. मला तो मार्चच्या वीस तारखेला, दुपारी चारच्या सुमारास पडतो.

माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. मार्च आला की झाडून साऱ्या दुकानदारांना एक एप्रिलपासून नवी बिलबुकं हवी असतात आणि ती आठवतात एकतीस तारखेच्या आधी तीन दिवस. म्हणजे साऱ्या गावाची वर्षअखेर आम्ही सांभाळतो आणि आमची परमेश्वर सांभाळतो. वडिलांच्या वेळी हे बरं होतं. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही, वर ‘श्री’, थोडं हळदकुंकू आणि हातावर पेढा. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचंच वर्ष ३१ मार्चला संपू लागलं. त्यात ना फराळ, ना आकाशकंदील. नुसता उकाडा आणि सीए!

आमचा सीए तरुण आहे. २०२४ च्या मार्चमध्ये त्यानं फोनवर पहिला प्रश्न टाकला, “काका, बॅकअप घेतलाय ना?”

“अर्थात!” मी म्हणालो.

“कुठे ठेवलाय?”

“संगणकातच. ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरात.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यानं समजावलं की हे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखं आहे. मी लगेच पेनड्राइव्हवर नक्कल काढली आणि सुरक्षित जागा म्हणून देवघरात ठेवली. सोमवारी सौभाग्यवतींनी अभिषेक केला, त्यात पगारपत्रकही पावन झालं. तेव्हापासून दोन नकला काढतो. एक मेव्हण्याकडे असते. त्याच्याकडे गेलेली वस्तू सहसा बाहेर येत नाही.

पगारपत्रक म्हणाल तर आमची माणसं अकरा. एके काळी एकवीस होती, तेव्हा प्रॉव्हिडंट फंड लागला. माणसं कमी झाली म्हणून तो सुटत नाही, हे मला आठ-दहा माणसं कमी झाल्यावर कळलं. आणि दर वर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की कुणीतरी दारात उभं राहतंच, “मालक, शंभर रुपये कमी आले.” मग मी व्यवसायकराचं कीर्तन लावतो. अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे, वरच्या मर्यादेचे अडीच हजार भरायचे, म्हणून फेब्रुवारीत तीनशे. वर्षातला सर्वांत आखूड महिना आणि त्याच्यावरच कर सर्वांत लांब! यावर ऐकणाऱ्याचं समाधान झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. माझंही झालेलं नाही.

त्या वर्षी भरीला नवी कररचना होती. २०२३-२४ पासून ती आपोआप लागू झाली आणि जुनी हवी असेल त्यानं तसं सांगायचं होतं. मी बाइंडरला विचारलं, “तुला जुनी हवी की नवी?” तो म्हणाला, “जुनीच बरी मालक. नवीचे पार्ट मिळत नाहीत.” त्याचा पगार दोन्हींत करापर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे वाद वाढला नाही.

फंडाचा खातेक्रमांक बारा आकडी असतो. तो स्प्रेडशीटमध्ये टाकला की ती त्याचं रूप बदलून ‘१.०१ई+११’ असं काहीतरी दाखवते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणीतरी गॅलरीच्या तिकिटाचा नंबर टाकलाय. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मग आकडे भरायचे, एवढाच उपाय. तो शिकायला मला तीन मार्चअखेरी लागल्या.

यादी तपासताना त्याच पगारपत्रकात पाच जणांची जन्मतारीख एक जून दिसली. नव्या मुलीनं काळजीनं विचारलं, “सर, कॉपी-पेस्ट झालंय का?” कॉपी-पेस्टच ते, पण मास्तरांनी केलेलं. पूर्वी खेड्यात पोराला शाळेत घालताना तारीख कुणाला ठाऊक नसायची. मास्तर पोराकडे बघून साल ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून लिहायचे एक जून.

त्या पाचांत आमचे मशिनवाले मामा. पाटण तालुक्यातले. ते संध्याकाळी हात पुसत आले.

“मालक, येत्या जूनला अठ्ठावन्न पुरी. पेन्शनचे कागद कधी करायचे?”

मी संगणकात बघितलं. “मामा, तुम्हाला पंचावन्न पुरी होताहेत.”

“अहो, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे आईनं मला कडेवर घेऊन घराबाहेर पळ काढला.”

भूकंप १९६७ च्या डिसेंबरचा. संगणकाच्या मते मामा जन्मले १९६९ च्या जूनमध्ये. म्हणजे हा माणूस भूकंपातून वाचला आणि नंतर दीड वर्षानं जन्मला! संगणकात भूकंपासाठी रकाना नसतो. मी माळ्यावरून वडिलांचं जुनं रजिस्टर काढलं. तारीख होती १ जून १९६६. वडिलांच्या अक्षरात सहा आणि नऊ ही जुळी भावंडं. २००४ साली वहीतून संगणकात उतरवून घेणारा मी. त्याच तारखेवरून आम्हीच आमच्या छापखान्यात मामांचं ओळखपत्र छापलं आणि त्या ओळखपत्रावरून त्यांनी आधार काढलं. त्यामुळे पुढं सगळीकडे सगळं बिनचूक जुळत गेलं. वीस वर्षं कुणालाच संशय आला नाही. एका शेपटीनं मामांचं पेन्शन तीन वर्षं पुढं ढकललं होतं.

मला काय बोलावं कळेना. मामाच म्हणाले, “जाऊ द्या मालक, तीन वर्षं तरणा केलात.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बिलबुकं बाजूला ठेवून मी मामांबरोबर एसटीनं त्यांच्या गावी गेलो. शाळेतून दाखल्याची प्रत काढली. आधी आधार, मग फंडाच्या कार्यालयाकडे दोघांच्या सह्यांचा जोडअर्ज. फंडानं जानेवारीतच आधारला जन्मतारखेच्या पुराव्यातून वगळलं होतं, त्यामुळे सारी भिस्त त्या पिवळ्या दाखल्यावर. चूक मी एका बोटानं केली होती. दुरुस्तीला दोन महिने आणि चपलांचा एक जोड गेला. मंजुरीचा निरोप मेच्या अखेरीस आला.

एक जूनला शनिवार होता. पाच जणांनी पेढे आणले. मामांचे साताऱ्याचे कंदी होते. सगळ्यांना वाटून झाल्यावर त्यांनी एक पेढा संगणकापुढे ठेवला. “यालाही द्या, मालक.”

मामांची पाठ वळताच मी तो उचलून तोंडात टाकला. संगणकानं तक्रार केली नाही.