खाली उतरणारी माणसं

भयपट मला मनापासून आवडतात. त्यांतली भीती उसनी असते. घरी निघताना ती परत करून मोकळं होता येतं. त्याच ओढीने या पावसाळ्यात ‘तुंबाड’ पुन्हा पाहिला आणि त्याच आठवड्यात चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. एकात शापित देव, दुसऱ्यात मुंबईतलं सत्र न्यायालय. दोघांचं काही नातं निघेल, असं मनातही नव्हतं.

‘तुंबाड’मध्ये पाऊस थांबतच नाही. चिंब भिजलेला पडका वाडा, त्यातली विहीर आणि तिच्याही खाली देवीचा लालभडक, धडधडता गर्भ. विनायक राव तिथे दोर सोडून उतरतो, सोन्याच्या मुद्रांसाठी. तिथला शापित देव हस्तर जन्माचा भुकेला. पण विनायककडे तोड आहे. भोवती पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे करायची, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून मुद्रा ओरबाडून वर यायचं. ही विद्या तो मुलालाही शिकवतो. खुर्चीचा हात घट्ट धरून मी पाहत होते, तरी आतून निर्धास्त होते. त्या नरकाला नियम आहेत, आणि हाव आवरली तर रिंगण माणसाला राखतं.

‘कोर्ट’मध्ये दचकावं असं काहीच नाही. कॅमेरा एका जागी थांबतो, माणसं येतात-जातात. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला. वीरा साथीदार यांनी हा शाहीर थकल्या, शांत डोळ्यांनी उभा केला आहे. तारखा पडत राहतात. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. कुणीच दुष्ट नाही. ज्याचं त्याचं काम चोख चाललं आहे.

मग वासुदेवची बायको साक्षीला उभी राहते. स्वर सपाट, विचारलं तेवढंच उत्तर. नवरा उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, असं समजून उतरायचा. घाण सोसावी म्हणून दारू प्यायचा. विषारी वायूने एक डोळा आधीच गेलेला.

तेवढ्यात विनायकचं ते रिंगण आठवलं. हावेपोटी उतरणाऱ्याजवळ दोर होता, पीठ होतं, बाहुली होती. पोटापायी उतरणाऱ्याला भरवसा झुरळांचा. उसनी घेतलेली भीती या वेळी परत करता आली नाही.

‘कोर्ट’ २०१४ सालचा. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये झाला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. बंदीला तेव्हा दहा वर्षं झाली होती.